नारा: एका दिवसात महाबुद्ध, तीन हजार कंदील आणि हावरी हरणं

जपानच्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये नाराच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. ओसाकाहून क्योतोला जाताना बस थांबते. हरणाला बिस्कीट चारताना एक फोटो, मोठ्या बुद्धासमोर एक फोटो, स्वच्छतागृह, की मंडळी परत बसमध्ये. घरी आल्यावर नाराचं काय आठवतं विचारलं तर 'तिथे हरणं होती' एवढंच उत्तर मिळतं.

नाराला पूर्ण दिवस द्यायला हवा आणि त्या दिवसाचा क्रमही नीट लावायला हवा. इथली हरणं प्राणिसंग्रहालयातली नाहीत, कुणी पाळलेलीही नाहीत. ती रानटी आहेत आणि देवामुळे टिकली आहेत. देऊळ बघून झालं की मग हरणं समजतात. आधी हरणांत अडकलात तर देवळापर्यंत पोचेस्तोवर गर्दी उसळलेली असते आणि पायांतला जोर गेलेला असतो. म्हणून या लेखातला क्रम साधा आहे: सकाळी लवकर देवळांकडे चढत जायचं, दुपारी उतरताना हरणांना वेळ द्यायचा आणि शेवटी कोफुकुजी या बौद्ध मंदिरातल्या मूर्ती बघायच्या.

हरणं इथे कशी आली

इ.स. ७१० ते ७८४ हा बहुतेक काळ नारा ही जपानची राजधानी होती. याच काळात, ७६८ साली, कासुगा ताइशा हे शिंतो या जपानी धर्माचं देवस्थान उभं राहिलं. इथला एक देव ताकेमिकाझुची पूर्वेकडच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे. त्या दिवसापासून इथलं प्रत्येक हरीण देवाचा दूत ठरलं. जुन्या काळी हरीण मारणाऱ्याला देहदंड होता. चुकून हरीण मेलं म्हणून एका लहान मुलाला त्या हरणासोबत जिवंत पुरल्याची दंतकथा कोफुकुजीच्या आवारात आजही सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उपासमारीच्या काळात हरणांची संख्या ७९ वर आली होती. १९५७ साली सरकारने त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं आणि आज उद्यान परिसरात हजाराहून जास्त हरणं आहेत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं की नाराची हरणं आसपासच्या डोंगरांतल्या हरणांपासून हजारभर वर्षं वेगळी राहिली आहेत. म्हणजे श्रद्धेच्या कुंपणाने एक आख्खा वंश राखला.

केव्हा जावं

मराठी माणसाच्या सुट्ट्या दोन: मे महिना आणि दिवाळी. नारासाठी दोन्हींची गंमत वेगळी आणि काळजीही वेगळी.

एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांची रांग असते. अख्खा देश फिरायला निघतो, तेव्हा तो आठवडा टाळाच. त्यानंतरचा मे मात्र उत्तम. उद्यान हिरवंगार असतं आणि नवी पाडसं दिसायला लागतात. पाडसं मे ते जुलैमध्ये जन्मतात. झुडपात एकटं पाडस पडलेलं दिसलं तरी ते हरवलेलं नसतं, आई जवळपासच चरत असते. त्याला हात लावू नका. माणसाचा वास लागला तर आई त्याला दूर सारण्याची भीती असते, आणि तिने तुम्हाला बघितलं तर ती सरळ अंगावर येते. जूनमध्ये हरणांच्या निवाऱ्यात आया आणि पाडसं लोकांना बघायला खुली ठेवतात. मुलं बरोबर असतील तर तो मार्ग जास्त शहाणपणाचा.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, पानं लाल होताना दिसतील, पण सप्टेंबर ते नोव्हेंबर हा नरांच्या माजाचा काळ असतो. ते ओरडतात, एकमेकांना भिडतात, चिखलात लोळून काळे होतात. म्हणूनच इथे सतराव्या शतकापासून नरांची शिंगं कापण्याची पद्धत आहे. ऑक्टोबरमध्ये त्याचा जाहीर सोहळा होतो. वाढ पूर्ण झालेलं शिंग नखासारखं मेलेलं असतं, त्यामुळे कापताना दुखत नाही. घाबरतं मात्र नक्की. त्याच दिवसांत, ऑक्टोबरच्या अखेरीपासून दोनेक आठवडे, नारा राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन या राजभांडारातल्या निवडक वस्तूंचं वार्षिक प्रदर्शन भरतं. इतिहासाची आवड असेल तर दिवाळीचे दिवस निवडायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या मे महिन्याचा घाम निघतो. थंडीत दिवस लहान असतो, पण गर्दी खूपच कमी. हिवाळ्यात काही सकाळी तोबिहिनो या माळावर शिंगवाद्य वाजवून हरणांना बोलावतात. वाजवतात बीथोव्हेनची धून, आणि झाडीतून पन्नास-शंभर हरणं धावत येतात, कारण पुढे ओकच्या झाडाची फळं मिळणार हे त्यांना ठाऊक असतं.

आदल्या रात्रीची तयारी

क्योतो किंवा ओसाकात मुक्काम असेल तर किन्तेत्सु या खासगी रेल्वेचं नारा स्थानक धरा. ते उद्यानापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. जेआरचं (जपान रेल्वेचं) नारा स्थानक वेगळं आणि लांब. जेआर पास असेल तर पैसे वाचवायला तिकडून यायला हरकत नाही, पण मग वीस मिनिटांची पायपीट किंवा बस धरून चला. क्योतोहून किन्तेत्सुची साधी जलद गाडी पाऊण तासात आणते, ओसाका-नांबाहून साधारण चाळीस मिनिटं लागतात. रेल्वेचं प्रीपेड कार्ड असेल तर तिकिटाच्या यंत्राशी झगडायची गरज नाही.

तोदाईजीचा, म्हणजे महाबुद्धाच्या मंदिराचा, मुख्य मंडप एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी साडेसातला आणि इतर महिन्यांत आठला उघडतो. दारात तेव्हाच पोचायचं हे आजच्या दिवसाचं पहिलं सूत्र. नारातच एक रात्र राहिलात तर फारच छान, नाहीतर साडेसहाच्या सुमाराची गाडी पकडा. मोठ्या बॅगा स्थानकावरच्या नाणी टाकायच्या लॉकरमध्ये ठेवा.

पाठीवरच्या बॅगेत काय असावं याहून काय नसावं हे महत्त्वाचं. उघडा खाऊ नको. चिवडा, चकली, ठेपले, काहीही असलं तरी झिपच्या आत, डब्यात. हरणांना वास येतो. कागदी नकाशा हातात धरू नका, ते खातात. साडीचा पदर, ओढणी, जॅकेटची लोंबणारी दोरी नीट खोचून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीबाबत तर कडक राहा. २०१९ साली इथे मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले, एकात तर चार किलोंच्या वर. उद्यानात कचरापेट्या जवळपास नाहीतच, तेव्हा कचरा परत नेण्यासाठी एक पिशवी बॅगेच्या आत ठेवा.

दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालणं होतं, त्यात पायऱ्याही आहेत. नवे बूट आज घालू नका.

पहिला टप्पा: दक्षिण महाद्वार ते महाबुद्ध

स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे सरळ चालत राहा. डावी-उजवीकडे हरणं दिसायला लागतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. सेंबेईचे (हरणांसाठीच्या चकत्यांचे) ठेले बहुधा अजून लागलेले नसतात, तेव्हा मोह आपोआपच टळतो.

तोदाईजीचं नांदाइमोन, म्हणजे दक्षिण महाद्वार, ११९९ साली पुन्हा बांधलेलं आहे. बहुतेक लोक त्याखालून भराभर जातात. थांबा आणि दोन्ही बाजूंना जाळीआड बघा. साडेआठ मीटरच्या आसपास उंचीचे दोन लाकडी द्वारपाल आहेत. उंकेई आणि काइकेई या मूर्तिकारांनी आपल्या कारागिरांसह १२०३ साली सुमारे सत्तर दिवसांत ते उभे केले. एकाचं तोंड उघडं आहे, दुसऱ्याचं मिटलेलं: अकार आणि हुंकार. जाळीमुळे मोबाइलवर फोटो धड येत नाही, पण डोळ्यांना सवय झाली की पिंडरीच्या शिरा आणि वाऱ्याने उडालेलं वस्त्र दिसतं. मला स्वतःला मुख्य मूर्तीइतकेच हे दोघे आवडतात.

आत तिकीट काढून अंगणात आलात की समोर महाबुद्धाचा मंडप. आताचा मंडप १७०९ चा, ५७ मीटर रुंद. आधीचे मंडप ११८० आणि १५६७ च्या युद्धांत जळाले आणि मूळ मंडप याच्या दीडपट रुंद होता. समोरचा आठव्या शतकातला कांस्याचा मोठा दीपस्तंभ लक्षपूर्वक बघा, त्यावर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व कोरलेले आहेत.

मूर्ती वैरोचन बुद्धाची, सुमारे पंधरा मीटर उंच. उजवा हात अभय मुद्रेत, डावा वरद मुद्रेत. ७३५ ते ७३७ मध्ये देवीच्या साथीने जपान होरपळला होता. त्यानंतर ७४३ साली सम्राट शोमूने ही मूर्ती घडवण्याची आज्ञा काढली. ७५२ साली नेत्रोन्मीलन झालं. मोठा कुंचला हातात धरून मूर्तीचे डोळे रंगवणारा आचार्य होता बोधिसेन, भारतातून समुद्रमार्गे ७३६ साली जपानला आलेला भिक्षू. त्या कुंचल्याला लांबलचक निळी रेशमी दोरी बांधली होती आणि जमलेल्या लोकांनी ती धरली होती, म्हणजे डोळे रंगवण्याचं पुण्य सगळ्यांना. तो कुंचला आणि ती दोरी दोन्ही शोसोइनमध्ये आजही जपलेले आहेत. वर दिवाळीतल्या प्रदर्शनाबद्दल लिहिलं ते यासाठीच. दरवर्षी वस्तू बदलतात, पण नशीब असेल तर दिसतील.

मूर्तीला प्रदक्षिणा घालता येते. मागच्या कोपऱ्यांत विरूपाक्ष आणि वैश्रवण हे दोन लोकपाल उभे आहेत. वैश्रवण म्हणजे आपला कुबेर, पण इथे पोट सुटलेला नाही, चिलखत घातलेला योद्धा आहे. एका खांबाच्या तळाशी भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातून आरपार गेलं की ज्ञानप्राप्तीची खात्री, असं म्हणतात. ते खुलं असेल त्या दिवशी मुलं सहज निसटतात. मोठ्यांनी आपल्या कंबरेचा अंदाज आधी घ्यावा, मागे रांग असते.

बाहेर पडताना मंडपाच्या ओसरीत लाल कापड पांघरलेली एक लाकडी मूर्ती दिसेल. हा पिंडोल भारद्वाज, बुद्धाच्या शिष्यांपैकी. आपला जो अवयव दुखतो तोच त्याचाही चोळायचा आणि मग स्वतःचा. त्याचे गुडघे लोकांनी चोळून चोळून गुळगुळीत केलेत, यावरून सगळ्या जगाचं दुखणं एकच आहे असं दिसतं. मंडपात बूट काढावे लागत नाहीत आणि फोटोला परवानगी आहे. नारळ, हार, प्रसाद नेऊ नका. तशी पद्धत नाही. उदबत्ती आणि मेणबत्ती तिथेच मिळते.

दुसरा टप्पा: निगात्सुदो

महाबुद्ध बघून परत फिरणारे इथेच चुकतात. मंडपाच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूने दगडी पायऱ्यांची चढण आहे. दहा मिनिटांत निगात्सुदो या मंडपाला पोचाल. तिकीट नाही. लाकडी गॅलरीवर उभं राहिलं की खाली महाबुद्धाच्या मंडपाचं छप्पर आणि पलीकडे सगळं नारा. दर वर्षी १ ते १४ मार्च इथे ओमिझुतोरी हा विधी होतो. भिक्षूंचे सेवक पेटत्या मशाली घेऊन याच गॅलरीवरून धावतात आणि खाली उभ्या भाविकांच्या अंगावर ठिणग्या पडतात. ७५२ पासून तो एकाही वर्षी खंडित झालेला नाही.

शेजारच्या सांगात्सुदोत, म्हणजे होक्केदोत, आठव्या शतकातल्या मूर्तींची दाटी आहे. मधोमध अमोघपाश अवलोकितेश्वर, दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि इंद्र. फोटो काढायला बंदी, आत काळोख, बसायला जागा. दहा मिनिटं शांत बसता येणारं या दिवसातलं हे एकमेव ठिकाण, तेव्हा वेगळं तिकीट आहे म्हणून गाळू नका.

आई-बाबा बरोबर असतील आणि पायऱ्या नको असतील तर त्यांना महाबुद्धाच्या अंगणातच बसवून एकाने वर जाऊन यावं.

तिसरा टप्पा: डोंगराच्या कडेने कासुगा ताइशा

निगात्सुदोवरून दक्षिणेला वाकाकुसा डोंगराच्या पायथ्याने रस्ता जातो. हा ३४२ मीटरचा गवताळ डोंगर जानेवारीच्या चौथ्या शनिवारी पेटवतात, हिवाळ्यात वर जायला बंद असतो. आज चढायचा नाही, दिवस पुरणार नाही. पायथ्याच्या दुकानांत चहा घ्या आणि झाडीत शिरा. वीस-पंचवीस मिनिटांत कासुगाला पोचता.

हा रस्ता हळू चालण्याचा आहे. जमिनीकडे बघा. वसंतापासून पानगळीपर्यंत इथे एक निळाशार, धातूसारखा चमकणारा शेणकिडा फिरताना दिसतो. हजार हरणांची लेंडी रोज पडते आणि तरीही माळ स्वच्छ राहतो तो या किड्यांच्या जिवावर. झाडांकडे बघा: जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत पानंच नाहीत, त्या वर सरळ रेषेत पानं सुरू होतात. मागच्या पायांवर उभं राहून हरणाचं तोंड जिथवर पोचतं तिथवरचं सगळं फस्त झालेलं असतं. जी झुडपं खालपर्यंत भरलेली दिसतात ती आसेबीची, वसंतात पांढऱ्या घंटांसारखी फुलं येणारी. ती विषारी आहेत, हरणं तोंड लावत नाहीत. नागीची झाडंही हरणं खात नाहीत, म्हणून कासुगाभोवती त्यांचंच रान माजलंय.

देवस्थानामागचं कासुगायामाचं अरण्य तर ८४१ सालापासून तोडायला आणि शिकारीला बंद आहे. कोकणात, मावळात आपण जिला देवराई म्हणतो तीच ही कल्पना, फक्त एका शहराच्या कुशीत आणि अडीचशे हेक्टरांवर पसरलेली. तोदाईजी, कासुगा ताइशा आणि हे अरण्य यांना १९९८ साली एकत्रच जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. रात्री इथे उडणारी मोठी खार फिरते, पण ती बघायला वेगळी तयारी लागते. दिवसा ती ढोलीत झोपलेली असते.

कासुगा ताइशाचं बाहेरचं अंगण सगळ्यांना खुलं आहे. आतल्या भागासाठी वेगळं शुल्क आहे आणि ते द्याच. आत लाल खांबांच्या पडव्यांमध्ये कांस्याचे कंदील ओळीने टांगलेले आहेत. वाटेवरचे दगडी दोन हजार आणि हे टांगलेले एक हजार, असे मिळून सुमारे तीन हजार. फेब्रुवारीत सेत्सुबुन या सणाला आणि १४–१५ ऑगस्टला ते सगळे पेटवतात. तेव्हा जाता येत नसेल तर आतली फुजिनामिनोया ही खोली चुकवू नका. तिथे दिवसाही काळोख करून कंदील लावून ठेवतात. देवळाची मुख्य वास्तू दर वीस वर्षांनी नव्याने सजवतात. साठावी खेप २०१६ मध्ये पार पडली.

इथे नमस्काराची रीत बदलते. शिंतो देवापुढे दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मग मनातलं बोलून पुन्हा एकदा वाकायचं. तोदाईजीसारख्या बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नाही, आपल्यासारखे हात जोडायचे. आत शिरण्याआधी पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवायचा. पळी तोंडाला लावू नका.

जेवण: दाशीचा घोळ

शाकाहारी मंडळींनी हा भाग दोनदा वाचावा. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी हे सार, आणि ते बहुधा वाळवलेल्या माशाचं असतं. भाज्यांचा उदोन (जाड शेवया), मिसो सूप, अगदी वांग्याची भाजी दिसायला शाकाहारी आणि आत मासा. 'मांस नको' म्हटलं की तेवढंच टाळतात. म्हणून दोन वाक्यं फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', म्हणजे मांसही खात नाही, मासेही नाही, आणि 'दाशी मो दामे देसु', दाशीही चालत नाही. नाराचं प्रसिद्ध काकिनोहा-झुशी, म्हणजे तेंडूच्या जातीच्या काकी झाडाच्या पानात गुंडाळलेला भात, यात मासाच असतो. मांसाहारी असाल तर तो मात्र जरूर खा.

निर्धास्त खाण्यासारखं: चागायु, भाजलेल्या पानांच्या चहात शिजवलेली तांदळाची पेज (नाराच्या काही हॉटेलांत न्याहारीला मिळते, बरोबरचं लोणचं मात्र विचारून घ्या), योशिनोच्या कुझू कंदाच्या पिठाचे गोड पदार्थ, आणि हिरव्या योमोगी मोचीत (तांदूळ कुटून केलेल्या गोळ्यात) लाल घेवड्याचं पुरण. सान्जो रस्त्यावर नाकातानिदो या दुकानासमोर मोची कुटताना बघायला गर्दी जमते. एक जण घण मारतो, दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात हात घालून गोळा उलटतो. मोची गरम आणि चिकट असते. म्हाताऱ्या माणसांना लहान तुकडा द्या, घशात अडकू शकतो. स्थानकाच्या आसपास भारतीय रेस्टॉरंटंही आहेत, लाज वाटायचं कारण नाही.

उद्यानात उघड्यावर डबा सोडू नका. सोडलात तर तो तुमचा राहणार नाही.

चौथा टप्पा: आता हरणं

कासुगावरून दगडी कंदिलांच्या वाटेने उतरलात की तोबिहिनोचा मोकळा माळ लागतो. सेंबेई विकत घ्यायची तर इथे. महाबुद्धाच्या दारातली हरणं दिवसभर पर्यटकांच्या घोळक्यात वावरून पार धीट झालेली असतात, रेटारेटी करतात. इथे जागा मोकळी आणि हरणंही जरा सभ्य.

शिका सेंबेई म्हणजे तांदळाचा कोंडा आणि गव्हाच्या पिठाच्या गोल चकत्या, साखर-मीठ नाही. एक गठ्ठा दोनशे येनच्या आसपास. गठ्ठ्याभोवतीची कागदी पट्टीही हरणाने खाल्ली तरी अपाय नाही अशी असते. त्यातला पैसा हरणांची देखभाल करणाऱ्या संस्थेला जातो. माणसाचं दुसरं काहीही खाणं त्यांना देऊ नका. पाव, बिस्किटं, केळं, काहीही नाही.

एक मौज बघा. ठेल्यावर सेंबेईचे ढीग उघडे पडलेले असतात, शेजारी चार हरणं लोळत असतात आणि एकही त्या ढिगाला तोंड लावत नाही. तुम्ही पैसे दिलेत आणि गठ्ठा तुमच्या हातात आला की तीच चार उठतात. मग काय करायचं ते क्रमाने:

१. गठ्ठा लगेच पाठीमागे लपवा आणि ठेल्यापासून दहा-पंधरा पावलं चाला. कागदी पट्टी आधीच सोडून खिशात टाका.

२. एक हरीण निवडा, शक्यतो बिनशिंगाची मादी. समोरून जा, मागून नाही. दचकलेलं हरीण लाथ मारतं.

३. ते मान वाकवेल. एकदा तुम्हीही वाका आणि लगेच चकती द्या. चार-चार वेळा वाकायला लावून व्हिडिओ काढत बसू नका. मान खाली-वर करणं ही मागणी असते तशी चीडही असते. तिसऱ्या वेळी ते जॅकेट ओढतं, चौथ्या वेळी चावतं. उद्यानातले बरेच अपघात याच चिडवण्यातून होतात.

४. चकती कडेला धरून सपाट पुढे करा. त्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ओठ आणि खरखरीत जीभ चकतीला गुंडाळतात आणि कट्कन तुकडा मोडतात. ओलसर नाक बोटांना लागतं.

५. संपलं की दोन्ही तळवे उघडे करून दाखवा. आश्चर्य वाटेल इतक्या पटकन ती पाठ फिरवतात. हात खिशात घातलेत तर मात्र अजून आहे असं समजून मागे लागतात.

लहान मुलाच्या हातात आख्खा गठ्ठा देऊ नका. मूल आणि हरीण यांची उंची सारखी, तोंड समोरासमोर येतं. एक-एक चकती तुमच्या हातातून त्याच्या हातात. मूल घाबरून पळालं तर हरीण मागे पळणारच. त्याला उचलून घ्या, हरणाला हाकलू नका. हरणाला मारणं, इजा करणं गुन्हा आहे.

चावलंच तर बहुधा त्वचा फाटत नाही, निळं पडतं. फाटली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. जपानमध्ये १९५७ पासून प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही, तेव्हा ती धास्ती नको, पण जखम प्राण्याच्या तोंडाची आहे हे विसरू नका. गवतावर बसायचं असेल तर काहीतरी अंथरा. लेंडी असतेच, गोचीडही असतात. संध्याकाळी खोलीवर घोटे आणि गुडघ्यामागची जागा तपासा.

पाचवा टप्पा: असुराला भेटून परत

साडेतीनच्या सुमारास कोफुकुजीकडे निघा. इथला पन्नास मीटरचा पाच मजली मनोरा मोठ्या दुरुस्तीसाठी आच्छादलेला आहे आणि काम पुढची काही वर्षं चालणार आहे, म्हणून लोक देऊळच गाळतात. चूक. खरा ऐवज राष्ट्रीय ठेव्याच्या दालनात आहे, ते पाचला बंद होतं. ७३४ सालचा असुर तिथे आहे: तीन तोंडं, सहा हात, अंगाने किडकिडीत, चेहऱ्यावर वयात येणाऱ्या पोराचा संकोच. आपल्याकडचा मिशाळ, दात विचकणारा असुर डोक्यात ठेवून गेलात तर समोर उभे राहूनही ओळखणार नाही. शेजारी गरुड, गंधर्व, किन्नर आहेत. लाखेचे थर कापडावर चढवून घडवलेल्या या मूर्ती आतून पोकळ आणि वजनाने हलक्या. देवळाला आग लागली की भिक्षू त्या उचलून पळत, म्हणून वाचल्या. इथेही फोटो नाही.

वेळ उरला तर दक्षिणेला नारामाचीच्या जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या आहेत. दमला असाल तर सोडा. संधिप्रकाशात रस्ता ओलांडताना जपा. त्या वेळी हरणंही कळपाने रस्ता ओलांडतात आणि ती सिग्नल पाळत नाहीत.

परतीला किन्तेत्सु स्थानकात क्योतो आणि ओसाका दोन्हीकडच्या गाड्या एकाच ठिकाणाहून सुटतात. थेट गाडी नसेल तर यामातो-साइदाइजीला बदला. या दोन स्थानकांच्या मधे रूळ जुन्या राजवाड्याच्या मैदानातूनच जातात. नाराहून निघताना उजव्या खिडकीत पुन्हा बांधलेला दरबार मंडप आणि डावीकडे सुझाकु महाद्वार दिसतं. दोन-तीन मिनिटांचाच खेळ आहे, तेव्हा यामातो-साइदाइजी येईपर्यंत झोपू नका.